ओढ्यापलीकडच्या मुली

मुलींच्या शाळा तपासायला बोर्डानं बाईमाणूस नेमलं, याचंच त्या भागात मोठं नवल झालं होतं. 'सुपरवायझर' हा शब्द काही खेड्यातल्या जिभेवर बसेना. शाळा तपासणाऱ्या डेप्युटीला ते 'दिपोटी' म्हणायचे, मग लोकांनीच आपल्या सोयीनं नाव काढलं: दिपोटीणबाई. विद्युल्लता हुदलीकरला ते आधी टोचलं, मग सवयीचं झालं, आणि पुढंपुढं तर आवडायलाही लागलं. बेळगावात कडोलकर गल्लीत ती नुसती तारमास्तरांची लग्न न झालेली थोरली मुलगी होती. निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात मात्र तिचा छकडा पांदीला लागला की गावात वर्दी जायची, शाळेपुढं सडा पडायचा आणि पाटील डोक्याला पटका गुंडाळतच चावडीबाहेर यायचे.

एकोणीसशे छत्तीसचा फाल्गुन चालला होता. तंबाखू शेतातून निघून वखारीत आला होता. हवेला त्याचा असा वास होता की नवख्या माणसाला शिंका आवरू नयेत. छकड्यात विद्युल्लतेबरोबर भरमा शिपाई होता आणि तिच्या मनात बोर्डाचा नवा नियम होता. वार्षिक परीक्षेला बसलेल्या मुलींपैकी निम्म्याहून कमी पास झाल्या, आणि हे लागोपाठ दोन वर्षं घडलं, तर ती शाळा बंद करायची. ज्या शाळेचा निकाल चढता, तिथल्या बाईंना बढती.

नियम ऐकला तेव्हा तिला तो पटला होता. आळशी शिक्षकांना कुठंतरी लगाम हवाच, असं ती स्वतःच कचेरीत बोलून गेली होती. पण आता छकडा करंजवाडीच्या दिशेनं निघाला होता, आणि करंजवाडीची शाळा गेल्या वर्षी निम्म्याच्या खाली गेली होती. तिथं गुणाबाई होत्या.

गुणाबाई म्हणजे विद्युल्लतेच्या पहिल्या बाई. तिचे वडील निपाणीला तारमास्तर असताना ती गुणाबाईंच्या हाताखाली मुळाक्षरं गिरवायला लागली. गुणाबाई तंबाखूवाल्या शेतकऱ्याच्या घरातल्या. कुंकू पुसलं तेव्हा त्यांचं वय परकर नेसायचं होतं. भावानं घरादाराशी भांडून त्यांना पुण्याला ट्रेनिंगला घातलं. त्या शिकून परत आल्या, पण निपाणीकडची बोली काही त्या पुण्यात ठेवून आल्या नाहीत. 'विद्युल्लता' एवढं लांबलचक नाव ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "एवढ्याशा पोरीला एवढं मोठं नाव? ते हजेरीपुरतं. मी आपली विजली म्हणणार."

वाटेत आधी चिंचणूर लागलं. तिथली शाळा लतिकाबाईंची. गेल्या वर्षी ही शाळा पाहून विद्युल्लता हरखून गेली होती. यंदाही तेच. जमीन सारवलेली, मुलींच्या वेण्या घट्ट, वाचन खणखणीत, हिशेब बिनचूक. एकही मुलगी नापास नाही. लतिकाबाई तिच्याच वयाची, सडपातळ, नजरेत सारखी धाकधूक. चहा देताना ती विद्युल्लतेच्या वहीकडंच बघत होती.

"घाबरता कशाला?" विद्युल्लता हसून म्हणाली. "तुमच्यासारखा निकाल जिल्ह्यात कुणाचा नाही."

"तो टिकवायचा असतो ना बाई," लतिका म्हणाली आणि कपबशी उचलून आत गेली.

चिंचणूर आणि करंजवाडीच्या मधे एक ओढा आहे. फाल्गुनात त्याला घोट्याएवढंच पाणी. पलीकडं करंजाची झाडं आणि झाडांच्या आत मारुतीच्या देवळाला लागून गुणाबाईंची शाळा.

गुणाबाई दारातच उभ्या होत्या. केस पार पांढरे झालेले, पाठ मात्र ताठ. मुलींसमोर त्यांनी रीतसर नमस्कार केला. "यावं बाईसाहेब." डोळे तेवढे हसले. विद्युल्लतेला वाकून पाया पडावंसं वाटलं, पण अंगावर बोर्डाचा अधिकार होता. तिनंही रीतसर नमस्कार केला आणि खुर्चीवर बसली. आपल्या बाई उभ्या आणि आपण खुर्चीत, हे तिला सोसवेना. तिनं भरमाला दुसरी खुर्ची आणायला सांगितलं. गावात दुसरी खुर्ची नव्हती.

परीक्षा सुरू झाली आणि तिचं काळीज खाली खाली जात राहिलं. शाळा मुलींनी गच्च भरली होती. काहींच्या कडेला धाकटी भावंडं. काहींची बोटं तंबाखूच्या चिकट काळपट रंगानं माखलेली. पुढच्या रांगेतल्या चारदोन मुली छान वाचत होत्या, कविता तर अशी म्हणत होत्या की ऐकत राहावं. बाकीच्या अडखळत होत्या. शुद्धलेखनात 'नाही' सांगितलं की निम्म्या पाट्यांवर 'न्हाय' उमटत होतं. बोर्डाच्या नियमानं ती चूक. विद्युल्लता चुकीची खूण करत होती आणि प्रत्येक खुणेला गुणाबाईंकडं बघायचं टाळत होती.

शेवटी हिशेब. तिनं तिसरीला सांगितलं, "मणाला बारा रुपये दर असला, तर पावणेदोन मण तंबाखूचे किती?"

पाट्या गप्प. एक पोर बोटं मोडत बसली, दुसरी आढ्याकडं बघत राहिली. विद्युल्लतेनं थोडा वेळ वाट पाहिली. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "बरं, दोन मणांचे किती?"

लगेच पाच-सहा हात वर झाले.

"थांबा," मागून गुणाबाई म्हणाल्या. "आधी पावणेदोन म्हणालीस ना? मग दोन कसं केलंस?"

साऱ्या मुली वळून बघायला लागल्या. आपल्या बाईंनी दिपोटीणबाईंना एकेरीत हटकलं होतं.

"मुलींना अवघड जातंय, म्हणून..."

"अवघड जातंय ते दिसतंयच. चिंचणूरला दोन केलंस का?"

"नाही."

"मग हितं बी करू नकोस, विजली. माझ्या पोरी नापास व्हायच्या तर होऊ देत. पण फुकटचं पास करून त्यांना हलकं करू नकोस."

विद्युल्लतेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं पुन्हा पावणेदोन मण सांगितले. हात खाली गेले.

उरली मौखिक परीक्षा. एकेक मुलगी पुढं येऊन नाव सांगत होती. एक जाड ओठांची, दणकट पोर आली. पुढचा एक दात अर्धा तुटलेला. विद्युल्लता तिच्याकडं बघतच राहिली. हा तुटका दात तिनं पाहिला होता. गेल्या वर्षीच्या आधीच्या वर्षी, दुसऱ्याच शाळेत, 'दात कसा गं तुटला' असं विचारल्यावर 'म्हशीनं डोकं मारलं, पण मी बी तिला मारलं' असं उत्तर देणारी मुलगी ती कशी विसरेल?

"नाव काय तुझं?"

"अक्काताई."

"तू चिंचणूरच्या शाळेत होतीस ना?"

"व्हय की. आमचं घर तिकडंच हाय. ओढ्याच्या त्या अंगाला."

"मग इथं कशी?"

अक्काताईनं आधी गुणाबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. मग ती सरळ म्हणाली, "तितल्या बाईंनी काढलं. म्हणाल्या, तू बसलीस तर शाळेचा आकडा खाली येतोय. परीक्षेच्या आधी नाव कमी करत्यात. मी एकटीच न्हाय बाई. ही बायना, ती दोघी भयणी, मागच्या रांगंतल्या सगळ्या तिकडच्याच. सकाळी तंबाखू निवडतो आन् मग ओढा उतरून येतो."

कुणाच्या तरी कडेवर एक तान्हं पोर कुरकुरत होतं. विद्युल्लतेनं मागच्या रांगेकडं पाहिलं. अर्धी शाळा तिच्याकडं टक लावून बघत होती, आणि त्या अर्ध्या शाळेला तिनं सकाळपासून चुकीच्या खुणा केल्या होत्या.

दुपारी गुणाबाईंच्या खोलीत ती जमिनीवर बसली. दार लोटून घेतल्यावर तिनं आधी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी तिला उठवून पुढं ताट सरकवलं. ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा आणि दह्याची वाटी.

"लई वाळलीस गं. तुझी आई तुला जेवायला घालत न्हाय का?"

"बाई, मला आधी का नाही सांगितलंत? गेल्या वर्षीच सांगायचं. ही चिंचणूरची घाण तुमच्या पदरात..."

"घाण?" गुणाबाईंचा हात थांबला. "पोरी हायत त्या."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मला कळलं काय म्हणायचं होतं ते. पण तोंडातनं शब्द कसा आला बघ. आकड्याकडं लई बघत बसलं की माणसाला पोरी आशाच दिसाय लागत्यात." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून तिच्या ताटात टाकला. "आन् सांगून काय करायचं होतं? मी सांगितलं असतं तर तू लतिकीला फाडून खाल्ली असतीस. तिच्या नवऱ्याचं डोकं फिरलंय, घरात बसून असतो. तिची नोकरी गेली म्हणजे चूल विझली."

"आणि तुमची शाळा बंद झाली म्हणजे?"

गुणाबाईंनी पाण्याचा तांब्या इकडचा तिकडं केला. "ते मला बी वाटतंय की. रात्री झोप येत न्हाय. मी काही देवी न्हाय विजली. पण आलेल्या पोरीला दारातनं परत कशी लावू? तुझी आयसुद्धा तुला घेऊन आलती तवा तू नुसती रडत बसायचीस. आकडा खालीच आणला असतास की तू."

विद्युल्लतेला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू. ताटावर बसून रडू नये, म्हणून गुणाबाईंनी तिला दटावलं आणि दह्याची वाटी पुढं केली.

जेवण होताच ती एकटीच ओढा उतरून चिंचणूरला गेली. उन्हं कलली होती. लतिकाबाई शाळेला कुलूप घालत होत्या. तिला परत आलेली बघताच त्यांचा चेहरा उतरला. सांगावं लागलंच नाही.

"अक्काताईनं सांगितलं?"

"तुम्ही सांगायला हवं होतं. हे पाप का केलंत तुम्ही?"

लतिकाबाई पायरीवर बसल्या. इतकी वर्षं पाठीत घातलेला ताठपणा एकदम गळाल्यासारखा झाला. "पहिल्या वर्षी नव्हतं केलं, बाई. पहिल्या वर्षी सगळ्या बसवल्या होत्या. तुम्ही शेरा मारलात, 'प्रयत्न कमी पडतात.' दुसऱ्या वर्षी मी त्या कच्च्या मुली काढल्या. तुम्ही लिहिलंत, 'इतर शाळांनी अनुकरण करावं.' साहेबांनी तो शेरा सगळीकडं पाठवला. आता मी कुणाला परत घेऊ आणि कशी? तुम्हीच सांगा, तुम्हाला कोणती शाळा पाहिजे होती?"

विद्युल्लतेला लतिकेचा राग यायला हवा होता, तो तिनं शोधला, पण सापडला नाही. ती तिच्या शेजारी पायरीवर बसली. तिच्या अधिकाराच्या बाईनं असं पायरीवर बसणं रीतीचं नव्हतं. समोरून गुरं घरी चालली होती.

मग विद्युल्लता म्हणाली, "उद्या सकाळी तुमच्या सगळ्या मुली घेऊन करंजाच्या झाडाखाली या."

"परीक्षा झाली की आमची."

"झाली ती विसरा. दोन्ही गावांच्या मुली एकत्र बसतील. मी एकच परीक्षा घेणार."

दुसऱ्या दिवशी करंजाखाली जणू जत्रा भरली. दोन्ही गावचे पाटील आले. बायका वखारीत जायच्या वाटेवर थांबल्या. भरमानं मुलींना रांगेत बसवता बसवता आवाज बसवून घेतला. लतिकाबाई आणि गुणाबाई दोन टोकांना उभ्या होत्या. पण पाटीवर लिहिताना एका पोरीची पेन्सिल मोडली आणि दोघीही एकदमच तिच्याकडं धावल्या. समोरासमोर आल्यावर लतिकेनं मान खाली घातली. गुणाबाईंनी आपल्याजवळची पेन्सिल तिच्या हातात दिली. "दे तूच. तुझ्या हाताखालची हाय."

निकाल आला तो असा: डोक्यावर घेऊन नाचावा असा नाही, आणि शाळेला कुलूप घालावं असाही नाही. इथल्या मुलींकडून जेवढी अपेक्षा करावी तेवढा, निम्म्याच्या जरा वर. अक्काताईला पावणेदोन मण काही जमले नाहीत. पण तिनं आख्खी कविता म्हटली, आणि ती म्हणेपर्यंत वखारीला निघालेल्या बायका तिथंच उभ्या राहिल्या.

विद्युल्लतेनं बेळगावला अहवाल दिला त्यात काही लपवलं नाही. नावं कमी झाली हे लिहिलं, आणि आपल्याच शेऱ्यामुळं झाली हेही लिहिलं.

बोर्डाचे अधिकारी चिंतामणराव हे तसे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. "दोन शाळांची एक परीक्षा घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही."

"मग?"

"साहेब, त्या मुली सगळ्या चिंचणूरच्याच. चांगल्या मुली ओढ्याच्या एका बाजूला ठेवल्या आणि बाकीच्या दुसऱ्या बाजूला. मग आपण एका बाजूला बढती देतो आणि दुसरीकडं कुलूप लावतो. आपण तपासलं काय, बाई की ओढा?"

चिंतामणरावांच्या मिशीत हसू आलं, पण त्यांनी ते बाहेर येऊ दिलं नाही. "बोलायला ठीक आहे. पण बोर्डासमोर मला आकडा ठेवावा लागतो. आकड्याशिवाय शाळांना पैसा मिळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"आकडा ठेवा की. पण फाल्गुनात बसलेल्या मुलींवर काढू नका. वर्षाच्या सुरवातीला, आषाढात नाव घातलेल्या मुलींवर काढा. मग कुणाचं नाव कमी करून कुणाला फायदाच व्हायचा नाही."

त्यांनी टोपी उचलून डोक्यावर घातली. पुढच्या सभेत तो नियम तसा बदलला गेला. मात्र बोर्ड म्हणजे शेवटी बोर्ड. देताना एका हातानं दिलं तर दुसऱ्या हातानं काढून घेतलं. दोन गावांत दोन शाळा कशाला, म्हणून दोन्हींची एक केली. शाळा चिंचणूरला, कारण इमारत तिथली बरी. मुख्याध्यापिका लतिकाबाई, कारण त्यांची ट्रेनिंगची श्रेणी वरची. गुणाबाईंना त्यांच्या हाताखाली बिगरीचा, म्हणजे पहिलीच्याही आधीचा वर्ग. आणि विद्युल्लतेच्या नोकरीच्या कागदावर 'अधिकाराबाहेर वर्तन' असा ठपका.

ठपक्याचं तिला काही वाटलं नाही. पण हुकूम घेऊन करंजवाडीला जायचं तिच्या जिवावर आलं. ती गेली तेव्हा गुणाबाई परसात मिरच्या वाळत घालत होत्या. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. इतकी वर्षं स्वतःची शाळा चालवलेल्या बाईला आता लेकीच्या वयाच्या बाईच्या हाताखाली बिगरी शिकवायची, हे सांगताना ती हुकमाच्या कागदाला घड्या घालत होती.

गुणाबाईंनी मिरच्या हलवायचं थांबवलं. चेहऱ्यावरून एक सावली गेली, ती विद्युल्लतेला दिसली. त्या तिच्यापासून लपवायला गेल्या नाहीत. "लागलं गं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. लागलं." पदरानं हात पुसले. मग विचारलं, "अक्काताई?"

"ती लतिकाबाईंच्या वर्गात. तिसरीत."

"नाव कमी करायचं न्हाय आता?"

"करता येणार नाही."

"मग बिगरी चांगली," गुणाबाई म्हणाल्या. "पोरगी कच्ची राहती ती बिगरीतच. तितं धरली तर पुढं कुणाला काढायची वेळच येत न्हाय. ये, पाटावर बस. चहा टाकते."

विद्युल्लता पुन्हा त्या भागात गेली ती थेट श्रावणात. पाऊस चांगला लागून राहिला होता आणि ओढा मांडीएवढा वाहत होता. करंजवाडीच्या मुली शाळेला कशा जात असतील, हा घोर तिला सगळ्या वाटेत लागला होता. या खेपेला छकडा करंजवाडीच्या अंगानं आला, आणि ओढ्याशी थांबला तेव्हा तिला दिसलं ते असं. गावकऱ्यांनी दोन लांब माडाची खोडं बांधून साकव टाकला होता. अलीकडच्या काठावर गुणाबाई लुगडं वर खोचून पोरींना एकेक करून साकवावर चढवत होत्या. पलीकडच्या काठावर लतिकाबाई, चष्म्यावर पावसाचे थेंब घेऊन, हात पुढं करून एकेकीला उतरवून घेत होत्या. मधे अक्काताई खोडावर घट्ट पाय रोवून उभी होती आणि घाबरलेल्या पोरींना ओरडत होती, "खाली बघू नगा गं, बाईंकडं बघा!"

"लतिकाबाई," गुणाबाई पलीकडं हाक मारत होत्या, "हिचा पाय मुरगळलाय, जपून!"

"धरलं हो, गुणाबाई, धरलं!"

छकड्यातून उतरलेल्या विद्युल्लतेकडं गुणाबाईंनी वळून पाहिलं. दिपोटीणबाई आल्या म्हणून कुणी नमस्कार घातला नाही, की खुर्ची शोधायला धावलं नाही.

"आलीस व्हय?" गुणाबाई म्हणाल्या. "बरं झालं. वहाणा काढ आणि ह्या धाकटीला कडेवर घे. मला दोघी एकदम पेलत न्हाईत."

तिनं वहाणा भरमाच्या हातात दिल्या, पदर खोचला आणि त्या ओल्याचिंब पोरीला उचलून घेतलं. पोरगी तिच्या मानेला घट्ट बिलगली आणि कानात पुटपुटायला लागली. काय म्हणते म्हणून तिनं कान दिला, तर ती पाढा म्हणत होती. सातापर्यंत बरोबर, पुढं सगळा चुकलेला. विद्युल्लतेनं तिला तिथंच थांबवलं नाही. साकव ओलांडून होईपर्यंत तो तसाच चुकतमाकत ऐकत राहिली.